उत्तर देता येईल असा आवाज

फेब्रुवारी २०२१मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन माणसे गेली. १५ तारखेला पुण्यात सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि १७ तारखेला अमेरिकेतल्या फ्लोरिडात रेडिओवर बोलणारे रश लिम्बॉ. दोघांचा एकमेकांशी कधी संबंध आला नव्हता. पण हवेतून जाणाऱ्या आवाजावर हक्क कुणाचा, हा प्रश्न दोघांच्याही आयुष्याच्या मध्यभागी होता. सावंतांनी १९९५ साली न्यायासनावरून सांगितले की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. लिम्बॉ यांची जवळजवळ तेहतीस वर्षांची राष्ट्रीय कारकीर्द याच्या नेमक्या उलट व्यवस्थेवर उभी होती. ज्याच्या हाती माइक आहे तो बोलेल, बाकीच्यांनी ऐकावे, पटले नाही तर बटण फिरवावे.

हा प्रश्न आता गोंदियाच्या दाराशी आला आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत अचलपूर, बार्शी, चंद्रपूर, लातूर, नंदुरबार, वर्धा, यवतमाळ यांच्याबरोबर गोंदियाचेही नाव आहे. भातगिरण्यांच्या या शहराला स्वतःचा एफएम आवाज मिळण्याची ही संधी आहे. पण त्या आवाजाला गाणी वाजवता येतील, जाहिराती करता येतील, हवामान आणि परीक्षांच्या तारखा सांगता येतील. स्वतःची बातमी सांगता येणार नाही आणि राजकारणावर बोलता येणार नाही. आजचा नियम तसाच आहे.

या नियमामागे एक भीती आहे आणि ती खोटी नाही. अमेरिकेत रेडिओवरच्या राजकीय बोलण्याचे काय झाले हे पाहिले की ती समजते. मात्र तीच कथा नीट वाचली तर हेही कळते की आपण भीती बरोबर ओळखली आणि उपाय चुकीचा निवडला.

रेड लायनचा निकाल

रेडिओ आणि राजकारण यांची सांगड अमेरिकेत पहिल्या दिवसापासूनची आहे. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने पहिले मोठे प्रक्षेपण केले ते अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालांचेच. पुढच्या दशकात या माध्यमाची ताकद दोन माणसांनी दाखवून दिली. मार्च १९३३पासून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवरून थेट घराघरांत बोलू लागले. त्याच काळात डेट्रॉइटजवळच्या एका चर्चमधले धर्मगुरू चार्ल्स कॉफलिन दर आठवड्याला कोट्यवधी लोकांना मंदीची कारणे समजावत होते. कॉफलिन आधी रूझवेल्ट यांचे समर्थक होते, नंतर कट्टर विरोधक झाले आणि शेवटी ज्यूद्वेषापर्यंत पोहोचले. मंदीत होरपळलेल्या माणसाला दुःखाचे कारण आणि दोषी माणूस एकाच वाक्यात मिळाला की तो आवाज किती खोल जातो, हे तेव्हाच दिसले होते.

म्हणून १९४९ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एक तत्त्व घालून दिले. वादाच्या सार्वजनिक विषयांवर केंद्रांनी बोललेच पाहिजे आणि बोलताना दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे. त्याला ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ म्हणत. त्याची खरी परीक्षा पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन नावाच्या छोट्या गावात झाली. नोव्हेंबर १९६४मध्ये तिथल्या केंद्रावरून बिली जेम्स हार्गिस या उजव्या विचारांच्या धर्मोपदेशकाने फ्रेड कुक या लेखकावर हल्ला चढवला. कुक यांनी बॅरी गोल्डवॉटर यांच्यावर टीका करणारे पुस्तक लिहिले होते. कुक यांनी उत्तरासाठी विनामूल्य वेळ मागितला, केंद्राने पैसे मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९मध्ये न्यायालयाने एकमताने कुक यांच्या बाजूने कौल दिला. निकालाचा गाभा असा होता, की प्रक्षेपणात सर्वांत वरचा हक्क माइकच्या मालकाचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे.

हे वाचून मन सुखावते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू काही वर्षांनी बाहेर आली. कुक यांच्या लेखनाला आणि उजव्या रेडिओविरुद्धच्या मोहिमेला डेमोक्रॅटिक पक्षाकडून पाठबळ मिळत होते. उत्तराचा हक्क हे सत्तेच्या हातातले हत्यारही बनू शकते हे त्यातून दिसले. शिवाय तक्रारींच्या धाकाने अनेक केंद्रे वादाचे विषयच टाळू लागली. नियम निष्पक्षतेसाठी होता, पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मौन वाढले. भारतात असा नियम आणा म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

तीन तास, एकच माणूस

ऑगस्ट १९८७मध्ये रेगन यांच्या काळातल्या आयोगाने हे तत्त्व रद्द केले. ते कायद्यात बसवण्याचे विधेयक अमेरिकी संसदेने संमत केले होते, रेगन यांनी ते जूनमध्येच नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. जवळपास एका वर्षाने, १ ऑगस्ट १९८८ रोजी, मिसुरी राज्यातल्या केप जिरार्डो गावच्या रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम ५६ केंद्रांवरून देशभर सुरू झाला.

नियम गेला म्हणून लिम्बॉ आले, एवढेच सांगून भागत नाही. त्यामागे पैशाचे गणितही होते. संगीत ऐकणारे श्रोते स्वच्छ आवाजाच्या एफएमकडे गेले होते आणि जुनी एएम केंद्रे ओस पडत होती. गाण्यांना स्वामित्वशुल्क लागते. बोलणाऱ्या एका माणसाला खुर्ची आणि टेलिफोन पुरतो. उपग्रहामुळे एकच कार्यक्रम शेकडो केंद्रांना एकाच वेळी पाठवणे स्वस्त झाले होते. लिम्बॉ यांच्या वितरकांनी तो केंद्रांना जवळजवळ फुकट दिला, मोबदल्यात जाहिरातींचा काही वेळ स्वतःकडे ठेवला. तोट्यातल्या केंद्रचालकाला नाही म्हणण्याचे कारणच उरले नाही. काही वर्षांत केंद्रांची संख्या सहाशेच्या पुढे गेली.

दुपारी बारा ते तीन, आठवड्याचे पाच दिवस. ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी, लांबच्या रस्त्यावरचा ट्रकचालक, एकट्याने दुकान चालवणारी बाई, हे त्याचे श्रोते. त्यांना वाटत होते की न्यूयॉर्क-वॉशिंग्टनची वृत्तपत्रे आणि मोठ्या दूरचित्रवाहिन्या आपल्याला अडाणी समजतात, आपल्या देवाधर्माला हसतात, आपल्या गावाचे नावही नीट घेत नाहीत. लिम्बॉ त्यांना सांगत होते की तुम्हाला वाटते तेच बरोबर आहे. आधीच्या श्रोत्याने केलेली स्तुती पुन्हा करत बसायला नको म्हणून लोक फोनवर नुसते ‘डिटो’ म्हणत. त्यावरूनच त्यांच्या चाहत्यांचे नाव पडले. फोन घेतले जात, पण आधी चाळले जात. विरोधक बोलला तरी तो यजमानाच्या घरात, यजमानाच्या वेळेत आणि यजमानाच्या हातातल्या बटणावर बोलत असे.

१९९४च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधीगृहात बहुमत मिळाले आणि नव्या सदस्यांनी लिम्बॉ यांना आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतले. १९९६मध्ये फॉक्स न्यूज सुरू झाली. शॉन हॅनिटी, ग्लेन बेक, मार्क लेव्हिन असे नवे आवाज उभे राहिले. उदारमतवाद्यांनी २००४ साली ‘एअर अमेरिका’ नावाची आपली वाहिनी काढली, ती २०१०मध्ये बंद पडली. फेब्रुवारी २०२०मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी लिम्बॉ यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. तोही संसदेच्या सभागृहात, वार्षिक भाषण चालू असताना.

या काळात आणखी एक बदल झाला. त्याची चर्चा कमी होते, पण गोंदियासारख्या जिल्ह्याने तोच सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभर किती केंद्रे घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनेल या कंपनीकडे बाराशेच्या वर केंद्रे जमा झाली. गावोगावचे निवेदक गेले आणि दूरच्या शहरातून आलेला तयार कार्यक्रम वाजू लागला. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग गावावर पसरला. एक माणूस दगावला, शेकडोंना त्रास झाला. गावातली सहाही व्यावसायिक केंद्रे क्लिअर चॅनेलची होती. पोलिसांनी फोन केले, पण इशारा वेळेवर हवेत गेला नाही. आणीबाणीची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. दोष कुणाचाही असो, घर सोडावे की दारे-खिडक्या बंद करून आत बसावे, हे गावाच्या रेडिओने गावाला सांगितले नाही.

राजकारणाचा मोठा आवाज आला आणि गावाचा छोटा आवाज गेला. अमेरिकेच्या या कथेतला मला सर्वांत जास्त टोचणारा धडा हाच आहे.

आपण काय केले

आपल्याकडे गोष्ट दुसऱ्या टोकापासून सुरू झाली. १९३६पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले आणि प्रक्षेपण सरकारच्या हाती राहिले. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि मध्यमलहरींवरून त्याचा आवाज पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत येऊ लागला. शेतीची माहिती, भजने, नभोनाट्ये आणि प्रादेशिक बातम्या यांनी विदर्भाच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. ते काम मोठे आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण राजकारणावर तिथे सरकारच बोलत असे. राजकीय पक्षाचे नाव घेऊन टीका करू नये, असे आकाशवाणीच्या संहितेतच लिहिलेले आहे. २६ जून १९७५च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणीची घोषणा देशाला याच यंत्रणेवरून ऐकवली. तेव्हा खरी खबर हवी असणारी माणसे बीबीसीच्या लघुलहरी शोधत बसली. १९७७च्या निवडणुकीपासून राजकीय पक्षांना आकाशवाणीवर भाषणाचा वेळ मिळू लागला. ठरलेली मिनिटे, आधी तपासलेला मजकूर आणि समोर कुणीही नाही, असे त्याचे रूप राहिले.

मग १९९५ आले. निमित्त क्रिकेटचे होते. हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी रोजी न्या. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. जीवन रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला. रेडिओलहरी जनतेच्या आहेत. त्यांवर सरकारची मक्तेदारी नको आणि मूठभर धनवानांचीही नको. समाजातल्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त संस्थेने त्यांचे नियमन करावे. इतका स्पष्ट निकाल जगातल्या थोड्याच न्यायालयांनी दिला असेल. प्रसार भारतीचा १९९०चा कायदा धूळ खात पडला होता, तो सप्टेंबर १९९७मध्ये अमलात आला. पुढे खासगी एफएम आले आणि २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येऊ लागला.

बातमीचा दरवाजा मात्र बंदच राहिला. २०११च्या धोरणाने खासगी केंद्रांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा वाजवण्याची मुभा दिली, स्वतःची बातमी देण्याची नाही. २०१३मध्ये ‘कॉमन कॉज’ ही संस्था या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२३मध्ये दूरसंचार नियामक संस्था ‘ट्राय’ने शिफारस केली की खासगी एफएमला तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात.

वृत्तपत्राला बातमीचे स्वातंत्र्य आहे. शेकडो वृत्तवाहिन्यांनाही आहे. मोबाईलवर बोलणाऱ्या कुणालाही आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला सर्वांत सहज परवडणारे माध्यम रेडिओ, आणि बंदी तेवढी त्याच्यावर. याचे समर्थन करणारे कारण मला आजवर सापडलेले नाही.

मराठीतला टॉक रेडिओ

बंदीमुळे राजकीय बोलणे थांबले असते तर निदान त्या बंदीला अर्थ होता. ते थांबले नाही, त्याने जागा बदलली. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि अमेरिकेत १९८८ साली रेडिओवर जे घडले ते मराठीत मोबाईलवर घडले.

‘मार्मिक’ साप्ताहिकाशी जोडलेले जुने पत्रकार भाऊ तोरसेकर यूट्यूबवर ‘प्रतिपक्ष’ या नावाने रोजचे राजकारण उलगडून सांगतात. सुशील कुलकर्णी यांचा ‘ॲनालायझर’ आहे, अनय जोगळेकर यांचा ‘एमएच ४८’ आहे. यांचा कल साधारणपणे उजवीकडचा. पलीकडच्या बाजूला निखिल वागळे यांच्यासारखे पत्रकार आहेत. नाव व्हिडिओचे असले तरी हे सारे प्रामुख्याने ऐकायचे माध्यम आहे. एक माणूस, एक खुर्ची, पंधरा-वीस मिनिटे सलग बोलणे. झगमगता स्टुडिओ नाही, चार चौकटींतली आरडाओरड नाही. फोन खिशात ठेवून, कानात वायर घालून माणूस काम करता करता ते ऐकतो. लिम्बॉ यांचा श्रोता ट्रॅक्टरवर ऐकत होता, तसेच.

हे भाष्यकार का ऐकले जातात, हे टीकाकारांनी मनापासून समजून घ्यायला हवे. मोठ्या वाहिन्या आपल्याशी बोलत नाहीत, आपल्यावर ओरडतात, असे या श्रोत्याला वाटते. संपादकीय पानांवरची मराठी त्याला परकी वाटते. इथे कुणीतरी पारावर बसल्यासारखा जुने संदर्भ देत, गोष्ट सांगत बोलतो आणि श्रोत्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवतो. हे मोठे कौशल्य आहे. माणसाला आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत असे वाटणे ही छोटी गोष्ट नव्हे. या आवाजांवर निर्बंध घाला, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या प्रक्षेपण विधेयकाच्या मसुद्यावर जी काळजी देशभर व्यक्त झाली ती रास्त होती. सरकारच्या हाती चाळणी दिली की तिची छिद्रे सत्तेच्या सोयीनेच लहानमोठी होतात.

माझे दुखणे वेगळे आहे. हा आवाज मुंबई-पुण्याहून, फार तर दिल्लीहून येतो आणि मुंबई-दिल्लीचेच राजकारण सांगतो. फुटलेल्या पक्षाचे चिन्ह कुणाला मिळणार, यावर गोंदियाच्या पानठेल्यावर उभा असलेला तरुण तासभर बोलू शकतो. ट्रम्प यांनी कोणत्या देशावर किती आयातशुल्क लावले, हेही त्याला ठाऊक असते. त्याच्या तालुक्यातले आधारभूत धान खरेदी केंद्र कधी उघडणार, हे विचारले की तो खांदे उडवतो.

भंडारा-गोंदियाच्या कानावर

हा जिल्हा राजकारणात अडाणी नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, सुमारे १३ लाख लोकसंख्येचा हा भाग देशाच्या राजकारणाने वारंवार पाहिलेला आहे. १९५४च्या भंडारा पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे उभे होते आणि पराभूत झाले. त्याच वेळी मतदारसंघातल्या दुसऱ्या जागेवर अशोक मेहता निवडून आले. २०१४मध्ये नाना पटोले यांनी प्रफुल्ल पटेल यांना हरवले आणि २०१७च्या अखेरीस पक्षाशी बिनसल्यावर खासदारकी सोडून दिली.

त्यानंतरची २८ मे २०१८ची पोटनिवडणूक आठवते. विदर्भातला मे महिना, आणि अनेक केंद्रांवर मतदानयंत्रे, विशेषतः व्हीव्हीपॅट, बंद पडत गेली. उन्हामुळे बिघाड झाला, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. विरोधक घातपाताचा संशय घेत होते. कुठे मतदान थांबले, कुठे सुरू झाले, कुठे रद्द झाले याच्या दहा कहाण्या दिवसभर मोबाईलवर फिरत होत्या. शेवटी ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान झाले आणि राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. त्या दिवशी जिल्ह्यात स्वतःची बातमी देणारा एक जरी रेडिओ असता, जिल्हाधिकाऱ्यांना, उमेदवारांना आणि रांगेत उभ्या असलेल्या मतदाराला दर तासाला समोरासमोर बोलवू शकला असता, तर अफवेचा निम्मा जोर जागीच ओसरला असता.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २०२०चा. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि वैनगंगा फुगली. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत भंडारा शहरात पाणी शिरले, नदीकाठची गावे वेढली गेली, उभे धान बुडाले. धरण एका राज्यात आणि नदीकाठ दुसऱ्या राज्यात. अशा वेळी किती पाणी सुटले, ते आपल्या गावी किती वाजता पोहोचेल, जनावरे कुठे हलवायची, हे झाडीबोलीत, पोवारीत, हिंदीत सांगणारा स्थानिक आवाज हवा असतो. मायनॉटला सहा केंद्रे असून तो आवाज मिळाला नव्हता. आपल्याकडे जिल्ह्याचे बोलणे जिल्ह्याला सांगणारे केंद्रच उभे राहिलेले नाही. नागपूरच्या खासगी एफएम लहरी सव्वाशे किलोमीटरवर येईपर्यंत विरून जातात.

आणि तिसरा प्रसंग दरवर्षीचाच. दिवाळीनंतर धान कापले जाते, मळणी होते आणि सगळ्या जिल्ह्याचे बोलणे एका विषयाभोवती फिरू लागते. २०२५-२६साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. पण तो भाव मिळायला खरेदी केंद्र उघडावे लागते, नोंदणी व्हावी लागते, बारदाना यावा लागतो, गोदामात जागा लागते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या आदिवासी पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळ खरेदी करते, इतरत्र मार्केटिंग फेडरेशन. हेक्टरी बोनस जाहीर होतो, तो खात्यात कधी येतो हे कुणी सांगत नाही. केंद्र उशिरा उघडले की गरजू शेतकरी व्यापाऱ्याला पडेल भावात धान देऊन मोकळा होतो. यापेक्षा मोठे राजकारण या जिल्ह्यात दुसरे नाही आणि त्याच्यावर रोज बोलणारा एकही आवाज हवेत नाही.

उत्तर देणारी माणसे

समोरासमोर बोलण्याची परंपरा या मातीत नाही असे कुणी म्हणू नये. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. सोंगाड्या सरपंचापासून आमदारापर्यंत सगळ्यांना नावाने नाही तरी खुणेने टोचतो आणि ज्याला टोचले तो माणूस पुष्कळदा पहिल्याच रांगेत बसलेला असतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोककलांचा जो अभ्यास उभा केला, त्यामुळे हे वैभव लेखी नोंदीत तरी आले. दंडारीतल्या टीकेला धार असते आणि मर्यादाही असते, कारण बोलणाऱ्याला उद्या त्याच गावात राहायचे आहे. त्याला विचारायला माणूस त्याच्या अंगणात येऊ शकतो.

दुसरे उदाहरण सीमेपलीकडचे. पूर्वी बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१०मध्ये छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. रेडिओवर बातमीची बंदी असलेल्या देशात त्यांनी साधा फोन हेच केंद्र बनवले. गावातला माणूस फोन करतो, गोंडीत किंवा हिंदीत आपली गोष्ट ध्वनिमुद्रित करतो. हातपंप बंद आहे, शिक्षक येत नाही, रोजगार हमीची मजुरी अडली आहे. संपादक ती तपासतात, मग ती सर्वांना ऐकायला मिळते. बोलणारा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा नंबर सांगतो आणि ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन करतात. काम झाले की तोच माणूस पुन्हा फोन करून काम झाल्याचे सांगतो. २०११च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या ३० लाखांच्या आसपास होती. माघ पौर्णिमेला सालेकशातल्या कचारगडला देशभरातून जमणाऱ्या गोंड समाजाची ही पारंपरिक भाषा. त्या भाषेला मोठ्या माध्यमांनी जागा दिली नाही, म्हणून तिने स्वतःची जागा काढली.

लिम्बॉ यांच्या रेडिओत आणि ‘स्वर’मध्ये मूळ फरक डाव्या-उजव्याचा नाही. एकीकडे एक बोलतो आणि कोटी ऐकतात. दुसरीकडे ऐकणाऱ्यांपैकी कुणीही बोलू शकतो, दुसरा कुणी त्याचे म्हणणे तपासतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतो.

गोंदियाच्या तीन वाहिन्या

आवाज किती भयंकर होऊ शकतो याचे उदाहरण इतिहासात आहे. जुलै १९९३मध्ये रवांडात सुरू झालेल्या आरटीएलएम या खासगी केंद्राने गाणी, विनोद आणि गप्पांच्या ओघात शेजाऱ्यांविरुद्ध द्वेष पेरला. पुढच्या वर्षी सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या चालकांना दोषी ठरवले. म्हणून हिंसेची चिथावणी देणाऱ्या आवाजाला कायद्याने रोखलेच पाहिजे, आणि तसा कायदा आपल्याकडे आहे. पण चिथावणीच्या भीतीने धानखरेदीची बातमी बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

गोंदियाच्या वाट्याला तीन वाहिन्या आल्या आहेत. त्या ज्यांच्या हाती जातील त्यांना नागपूर-मुंबईहून तयार कार्यक्रम आणून वाजवणे सर्वांत स्वस्त पडेल. केंद्र सरकारने ट्रायची शिफारस स्वीकारावी आणि बातमीवरची बंदी उठवावी. त्याचबरोबर परवान्यात रोजच्या ठरावीक तासांचे जिल्ह्यातच घडवलेले प्रक्षेपण बंधनकारक करावे. सामुदायिक रेडिओला निम्मे कार्यक्रम स्थानिक घडवण्याची अट आजही आहे, मग नफा कमावणाऱ्यांना का नसावी? कुणावर टीका झाली तर त्याच वेळी, त्याच लांबीचे उत्तर ऐकवण्याची रीत केंद्राने स्वतः घालून घ्यावी. तिची अंमलबजावणी मंत्रालयाच्या हाती न देता न्या. सावंतांच्या निकालातल्या स्वायत्त संस्थेसारख्या यंत्रणेकडे द्यावी, म्हणजे रेड लायनच्या गोष्टीतला दुसरा भाग इथे घडणार नाही.

आणि जिल्ह्यानेही वाट पाहत बसू नये. महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्र, महिला बचत गटांचे संघ यांना सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करता येतो. साताऱ्यातल्या म्हसवडसारख्या दुष्काळी गावात माणदेशी फाउंडेशनने ‘माणदेशी तरंग’ केंद्र उभे केले आणि ते बायकांनी चालवून दाखवले. आमगाव-देवरीला ते अशक्य नाही. बंदी उठली की तिथे उजव्या विचाराचा माणूस बोलावा, डावा बोलावा, विदर्भवादी बोलावा, गोंडीत बोलणारा आणि पोवारीत बोलणारा बोलावा. खरेदी केंद्राच्या अधिकाऱ्याला बोलवावे आणि शेतकऱ्याने त्याला थेट विचारावे की बोनसचे काय झाले. मुंबईच्या भाष्यकाराचे मत पटले नाही तर तेही खोडून काढावे, पटले तर आपल्या कारणांसह मांडावे.

सावंतांच्या निकालाला तीस वर्षे होऊन गेली. लहरी जनतेच्या आहेत हे तेव्हाच ठरले. जनतेने त्यांवर बोलायचे मात्र अजून बाकी आहे, आणि ते काम दिल्लीत सुरू होण्याची वाट न पाहता गोंदियापासून सुरू करता येईल.